रिमोटच्या गाडीचे आजोबा : निकोला टेस्ला



विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की मुलं हमखास एक मागणी करतात : सर, आपण रिमोटवर चालणारी गाडी करूया. त्यातही हल्ली मुलांना भुरळ पडली आहे ती दगडधोंड्यांवर चढणाऱ्या गाडीची. तिला रॉक क्रॉलर म्हणतात. ही गाडी धावत नाही, रांगते. मोठी मऊ चाकं, कमी वेग आणि भरपूर जोर. एखादं मूल पायरी चढताना जसं आधी हात टेकवतं, मग गुडघा, तशी ती एकेक चाक दगडावर टेकवत वर जाते. बाजारात ती महाग मिळते. पण साध्या गिअर मोटरी, सनपॅक शीट आणि सायकलची जुनी ट्यूब वापरून तिची हलकी आवृत्ती शाळेत नक्की करता येते. ती कशी करायची ते या पाठाच्या शेवटी बघूच.

पण त्याआधी मुलांना एक प्रश्न विचारा. गाडीला तार जोडलेली नाही, आत कोणी बसलेलं नाही, मग तिला वळायचं कळतं कसं? आणि ही कल्पना पहिल्यांदा लोकांसमोर प्रत्यक्ष चालवून दाखवली कोणी? उत्तर आहे निकोला टेस्ला. वर्ष होतं १८९८. भारतात तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि मोटारगाडी ही जगभरातच नवलाईची गोष्ट होती. आज आपण या माणसाचं चरित्र बघणार आहोत. टेस्लांविषयी मोबाईलवर खूप काही फिरत असतं आणि त्यातलं बरंचसं फुगवलेलं असतं. म्हणून मुलांना सांगताना नेमकं सांगू.

जन्म आणि घर

निकोला टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिलियान या खेड्यात झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, आज ते क्रोएशिया देशात आहे. घराणं सर्बियन वंशाचं. वडील मिलुटिन हे ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये धर्मगुरू होते. आपल्या मुलानेही धर्मगुरूच व्हावं, अशी त्यांची फार इच्छा होती.

आईचं नाव ड्युका. ही बाई शाळेत गेलेली नव्हती, पण हातात विलक्षण कसब होतं. घरकामासाठी लागणारी लहानसहान अवजारं ती स्वतः बनवायची. सर्बियन वीरगाथा तिला तोंडपाठ होत्या. आपल्यातली स्मरणशक्ती आणि काहीतरी घडवण्याची ओढ आईकडून आली, असं टेस्ला आयुष्यभर मानत आले. पालकसभेत हा मुद्दा जरूर सांगावा. आमचं शिक्षण नाही, आम्ही मुलांना विज्ञान काय शिकवणार, असं म्हणणारे पालक आपल्याकडे खूप भेटतात. त्यांच्या घरात मात्र कोणी पाटा-वरवंट्याला टाकी लावणारं असतं, कोणी शिलाई मशीन उघडून दुरुस्त करणारं असतं. मुलं ते बघतच मोठी होतात.

निकोला पाच वर्षांचा असताना त्याचा मोठा भाऊ दाने घोड्याच्या अपघातात गेला. दाने अतिशय हुशार होता. त्याच्या जाण्याने घर खचलं. नंतर निकोलाने काहीही चांगलं केलं तरी आईवडिलांना दानेची आठवण यायची आणि या धाकट्याच्या मनात आपण कमी पडतो ही बोच राहायची. भावंडांची तुलना मुलाच्या मनाला किती खोल लागते, हे इथे आपण मोठ्यांनी ओळखायचं.

भुंगेऱ्यांची मोटर

आता मुलांना सर्वात आवडणारी गोष्ट. आपल्याकडे पावसाळ्याच्या सुरुवातीला संध्याकाळी कडुलिंब, बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात. शेतकऱ्यांच्या मुलांना ते चांगलेच माहीत असतात. तसल्याच जातकुळीचे भुंगेरे निकोलाच्या गावातही यायचे. त्याने काय केलं, तर एका बारीक आसावर हलकी फुली बसवली, तिच्या टोकांना चार भुंगेरे चिकटवले आणि ती फिरकी एका मोठ्या चकतीला जोडली. भुंगेरे उडायला धडपडले की फुली फिरायची आणि चकतीही फिरायची. एकदा सुरू झाले की ते तासन्‌तास थांबत नसत.

हे यंत्र बंद पडलं ते एका वेगळ्याच कारणाने. एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा तिथे आला आणि ते भुंगेरे जिवंतच खाऊ लागला! निकोलाला इतकी किळस आली की पुढे त्याने कुठल्याही किड्याला हात लावला नाही. वर्गात हा प्रसंग सांगितला की हशा पिकतोच. हशा ओसरला की विचारा : भुंगेऱ्याच्या अंगात ताकद ती किती? मग चकती फिरली कशी? कारण आस बारीक होता आणि फुली हलकी होती. जोर थोडा असेल तर यंत्र हलकं हवं. आपल्या रांगणाऱ्या गाडीचा मूळ धडा हाच आहे.

याच वयात त्याने ओढ्यावर पाणचक्कीही लावली होती. साधी लाकडी चकती, तिला पाती नव्हती, तरी प्रवाहात ती छान फिरायची. आजोबांची घड्याळंही त्याने उघडली. उघडणं दरवेळी जमायचं, जोडणं मात्र जमायचं नाही.

शिक्षण आणि आजारपण

१८७० साली निकोला शिकण्यासाठी कार्लोव्हाक गावी गेला. तिथल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांचे प्रयोग पाहून तो विजेच्या प्रेमातच पडला. शिक्षकाने वर्गात करून दाखवलेला एक प्रयोग काय करू शकतो, याचं हे उदाहरण आहे. चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने तीन वर्षांत संपवला.

१८७३ मध्ये घरी परतल्यावर त्याला कॉलरा झाला. तो जवळजवळ नऊ महिने अंथरुणाला खिळून होता आणि वाचेल की नाही अशी वेळ आली होती. तेव्हा त्याने वडिलांकडून कबूल करून घेतलं की बरा झालो तर मला इंजिनिअरिंग शिकू द्यायचं. मुलगा हाताशी राहावा म्हणून वडिलांनी आपला हट्ट सोडला. मुलगा बरा झाला आणि वडिलांनी दिलेला शब्द पाळला.

१८७५ मध्ये टेस्ला ग्रात्सच्या तंत्रविद्यालयात दाखल झाले. तिथे एकदा वर्गात ग्राम डायनॅमो नावाचं यंत्र दाखवलं जात होतं. ते मोटर म्हणून चालवलं की आतल्या कम्युटेटरवर ठिणग्या उडायच्या. कम्युटेटर म्हणजे मोटरमधला प्रवाहाची दिशा सतत उलटसुलट करणारा भाग. खेळण्यातली छोटी मोटर उघडली तर त्यावर घासणारे दोन पातळ ब्रश दिसतात, तोच तो. हा भाग काढूनच टाकता येणार नाही का, असं टेस्लांना वाटलं. ते अशक्य आहे, हे प्राध्यापकांनी सगळ्या वर्गापुढे समजावून सांगितलं. तरी प्रश्न डोक्यातून गेला नाही.

इथे एक खरी गोष्ट झाकू नये. पहिल्या वर्षी जीव तोडून अभ्यास करणारे टेस्ला पुढे जुगाराच्या नादी लागले, पैसे हरले आणि पदवी न घेताच बाहेर पडले. पदवी नसूनही मोठा झाला, असं सांगून काही जण यातून भलताच अर्थ काढतात. पदवी सुटली तरी गणित आणि भौतिकशास्त्र सुटलं नव्हतं. काम डोक्यात सतत चालूच होतं.

वाळूतली आकृती

१८८२ साली टेस्ला बुडापेस्टला होते. तिथल्या टेलिफोन केंद्राच्या कामात ते होते. एका संध्याकाळी मित्राबरोबर बागेत फिरताना त्यांना त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर सुचलं. हातातल्या काठीने त्यांनी तिथेच वाळूत आकृती काढली.

कल्पना सोपी करून अशी सांगता येईल. गोलात उभ्या चार मुलांनी एकेक चुंबक धरला आहे आणि मध्ये होकायंत्र आहे. मुलांनी पाळीपाळीने चुंबक पुढे केला तर सुई एकाकडून दुसऱ्याकडे, असं करत गोल फिरेल. कोणीही जागा सोडली नाही, पण चुंबकाचा प्रभाव मात्र गोल फिरला. टेस्लांनी हेच काम एकमेकांच्या मागेपुढे चालणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहांकडून करून घेतलं. यालाच फिरतं चुंबकीय क्षेत्र म्हणतात. मग मोटरमध्ये ब्रश नको आणि ठिणग्याही नकोत. इटलीतले गॅलिलिओ फेरारिस हेही स्वतंत्रपणे याच कल्पनेपर्यंत पोहोचले होते, हेही मुलांना सांगावं. शेतातल्या विहिरीवरची थ्री-फेज मोटर याच तत्त्वावर फिरते. महागड्या रिमोट गाड्यांत ब्रशलेस मोटर असते. तिची बॅटरी वेगळ्या तऱ्हेची वीज देते, पण आत फिरतं क्षेत्रच असतं.

अमेरिका

१८८४ मध्ये टेस्ला न्यूयॉर्कला पोहोचले. खिशात फारसं काही नव्हतं. थॉमस एडिसन यांच्या कारखान्यात त्यांनी काही महिने काम केलं आणि सोडलं. पुढे भागीदारांनी साथ सोडली आणि हा बुद्धिमान इंजिनिअर पोटासाठी रस्त्यावर चर खणण्याचं काम करू लागला. १८८७ मध्ये पुन्हा संधी मिळाली, प्रयोगशाळा उभी राहिली आणि १८८८ मध्ये त्यांच्या मोटरची पेटंटं नोंदली गेली. उद्योगपती जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी ती वापरण्याचे हक्क घेतले. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात प्रत्यावर्ती प्रवाहाने दिवे लागले. नोव्हेंबर १८९६ मध्ये नायगारा धबधब्याची वीज सुमारे ४० किलोमीटरवरच्या बफेलो शहरात पोहोचली.

आपल्याकडेही हा धागा येतो. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. सह्याद्रीवरचं पाणी आणि दूरवर जाणारी प्रत्यावर्ती वीज यांची ती जोडी होती. रायगड-पुण्याकडच्या शाळांनी सहलीत खोपोलीचे पाइप नुसते दाखवू नयेत, त्यामागची ही गोष्टही सांगावी.

आणखी एक. १८९६ मध्ये न्यूयॉर्कला टेस्ला आणि स्वामी विवेकानंद यांची ओळख झाली होती, हे खरं आहे. त्यावरून टेस्लांनी आपले शोध वेदांतून घेतले असे संदेश फिरतात. वर्षं लावून बघा : मोटरची पेटंटं १८८८ ची, म्हणजे या भेटीच्या आठ वर्षं आधीची. मुलांना असं वर्षांवरून ताडून बघायला शिकवलं तर खरं-खोटं त्यांचं त्यांनाच कळू लागेल.

तारेविना चालणारी नाव

आता आपल्या मुख्य विषयाकडे येऊ. १८९५ च्या मार्चमध्ये टेस्लांची प्रयोगशाळा आगीत जळून गेली. वर्षानुवर्षांचं काम एका रात्रीत राख झालं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. तोवर रेडिओ लहरींवर जगभर काम सुरू झालं होतं. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवत होते. बहुतेकांना या लहरींनी निरोप पाठवायचा होता. टेस्लांना लहरींकडून काम करून घ्यायचं होतं.

१८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विजेच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. तिथे पाण्याच्या हौदात टेस्लांनी काही फूट लांबीची, लोखंडी कवचाची एक नाव सोडली. तिच्यावर दिवे होते. टेस्ला दूर उभे राहून आपल्या पेटीवरचा खटका हलवत आणि नाव चालू लागे, वळे, दिवे लावी. लोकांना वाटलं जादू आहे. कोणाला वाटलं मनाने चालवतो, कोणाला वाटलं आत शिकवलेलं माकड आहे. टेस्लाही थोडे गमत्ये होते. कोणीतरी ६४ चं घनमूळ विचारलं आणि नावेचे दिवे चार वेळा लुकलुकले, अशी हकीकत सांगितली जाते. अर्थात गणित नावेने केलं नव्हतं, पेटीमागच्या माणसाने केलं होतं.

आत होतं तरी काय? मुलांना फळ्यावर चार चौकोन काढून दाखवा.

पहिला चौकोन, बॅटरी. ताकद नावेतच होती, ती लहरींतून येत नव्हती. हा मुद्दा मुलं हमखास चुकवतात. लहर फक्त हुकूम आणते, जोर बॅटरीचा असतो.

दुसरा चौकोन, लहर ओळखणारा भाग. एका छोट्या डबीत धातूचे बारीक कण असत. एरवी त्यांतून वीज नीट जात नाही. रेडिओ लहर आली की कण एकमेकांना धरून बसतात आणि वाट मोकळी होते. पण एकदा चिकटलेले कण आपोआप सुटत नाहीत, म्हणून टेस्लांनी प्रत्येक इशाऱ्यानंतर डबी उलटी होईल अशी सोय केली. कण विस्कटले की डबी पुढच्या इशाऱ्याला तयार.

तिसरा चौकोन, हुकूम ठरवणारी चकती. इशारा एकाच प्रकारचा होता, मग डावं-उजवं कसं कळायचं? आपल्याकडे एका बटणाची टॉर्च असते. एकदा दाबली की जोरात, पुन्हा दाबली की मंद, पुन्हा दाबली की बंद. नावेतली चकती तशीच दर इशाऱ्याला एक घर पुढे सरकायची आणि घराप्रमाणे सुकाणू डावीकडे, थांब, उजवीकडे, थांब असं व्हायचं. चालवणाऱ्याने आपण कितव्या घरावर आहोत ते लक्षात ठेवायचं.

चौथा चौकोन, दोन मोटरी. एक पंखा फिरवणारी, दुसरी सुकाणू वळवणारी.

आज मुलांची रिमोट गाडी उघडून बघा. बॅटरी, रिसीव्हर, हुकूम ठरवणारी चिप आणि मोटरी. तेच चार चौकोन!

या शोधाचं पेटंट ८ नोव्हेंबर १८९८ ला मिळालं. त्याच्या नावातच जलयानांबरोबर वाहनांचाही उल्लेख आहे, म्हणजे जमिनीवरची गाडी टेस्लांच्या मनात तेव्हाच होती. प्रत्यक्षात तशी गाडी चालवली ती स्पेनच्या लिओनार्दो तोर्रेस केव्हेदो यांनी. १९०४ च्या सुमारास त्यांनी माद्रिदमध्ये तीनचाकी गाडी काही मीटरवरून रेडिओने चालवून पाहिली.

टेस्लांना आणखी एक अडचण दिसत होती. दुसऱ्या कोणी लहर सोडली तर? नाव त्याचंही ऐकेल. म्हणून त्यांनी दोन वेगळ्या कंपनसंख्यांचे इशारे एकदम आले तरच यंत्र हलेल अशी रचना केली. त्याची पेटंटं १९०३ मध्ये मिळाली. दोन किल्ल्या लावल्याशिवाय लॉकर उघडत नाही, तसंच हे. आज एकाच मैदानात दहा मुलं दहा गाड्या चालवतात आणि एकाच्या रिमोटने दुसऱ्याची गाडी हलत नाही. पद्धत आता वेगळी आहे, पण काळजी तीच.

खेळणं की हत्यार?

एवढं करून या नावेचं झालं काय? १८९८ मध्ये अमेरिका आणि स्पेन यांचं युद्ध चालू होतं. टेस्लांना वाटलं, माणूस न बसवता स्फोटकं घेऊन जाणारी अशी नाव असली तर युद्ध इतकं भयंकर होईल की कोणी युद्ध करणारच नाही. त्यांनी ती सरकारला देऊ केली. तिथल्या अधिकाऱ्याला हसू आवरलं नाही. एवढीशी नाव, पाण्याच्या हौदात फिरणारी! नौदलाने ती घेतली नाही. पेटंटची मुदत तेव्हा १७ वर्षं असे. ती १९१५ मध्ये संपली आणि टेस्लांच्या हाती या शोधातून काही आलं नाही.

इथे वर्गात थांबावं. एका बाजूला, खेळणं म्हणून हसण्यावारी नेलेल्या वस्तूतून पुढे क्रेन, ड्रोन आणि मंगळावरच्या गाड्या आल्या. दुसऱ्या बाजूला टेस्लांचा अंदाज साफ चुकला. दूरून चालणारी हत्यारं आली, पण युद्धं थांबली नाहीत. आज बातम्यांत मुलं ड्रोनचे हल्ले बघतात. शोधाची ताकद एक आणि ती कशासाठी वापरायची हा प्रश्न दुसरा, यावर आठवी-नववीची मुलं फार छान बोलतात. त्यांना बोलू द्यावं, उत्तर आपण घाईने देऊ नये.

शेवटची वर्षं

१८९९ मध्ये टेस्लांनी कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे प्रचंड विद्युतदाबाचे प्रयोग केले. नंतर न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर त्यांनी वॉर्डनक्लिफ नावाचा उंच मनोरा उभारायला घेतला. जगभर बिनतारी निरोप आणि पुढे वीजही पाठवायची, असं ते स्वप्न होतं. धनाढ्य बँकर जे. पी. मॉर्गन यांनी दीड लाख डॉलर दिले होते, पण पैसे संपले आणि पुढचे मिळाले नाहीत. १९१७ मध्ये मनोरा पाडला गेला. त्याच वर्षी त्यांना विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचं मानाचं पदक मिळालं. त्या पदकाला नाव होतं एडिसनचं!

टेस्ला अविवाहित राहिले. पुढची वर्षं त्यांनी हॉटेलांच्या खोल्यांत, अनेकदा बिलं थकवत काढली. कबुतरांना दाणे घालणं हा त्यांचा विरंगुळा होता. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कमधल्या हॉटेलच्या खोलीत त्यांचं निधन झालं. तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. काही महिन्यांतच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनी यांच्या रेडिओच्या एका पेटंटातले महत्त्वाचे दावे रद्द ठरवले. इतरांबरोबरच टेस्लांचं काम आधीचं होतं. पण हे ऐकायला टेस्ला नव्हते. १९६० साली चुंबकीय क्षेत्राच्या एककाला टेस्ला हे नाव दिलं गेलं. बारावीच्या पुस्तकात मुलं ते आजही लिहितात.

आपली हलकी गाडी

आता बांधणीकडे वळू. रांगणाऱ्या गाडीत मुलांची पहिली ओढ असते ती मोठी मोटर आणि मोठी बॅटरी लावण्याची. मग गाडी जड होते, जड झाली की अजून मोठी मोटर लागते, आणि शेवटी ती उताणी पडते. भुंगेऱ्यांची आठवण इथे करून द्यावी.

साधा हिशोब फळ्यावर करा. ४५ अंशांच्या चढावर गाडीला मागे ओढणारा जोर तिच्या वजनाच्या ०.७ पट असतो. चाकाची त्रिज्या ३.५ सेंटीमीटर घेतली, तर १२०० ग्रॅमच्या गाडीला १.२ × ०.७ × ३.५ म्हणजे सुमारे ३ किलो-सेंमी एवढा पीळ लागतो. चार चाकांत वाटला तर प्रत्येक मोटरवर ०.७५. गाडी ६०० ग्रॅमची केली की तोच ०.३७ वर येतो. मोटर तीच, काम अर्धं!

मुलं विचारतील, हलकी गाडी घसरणार नाही का? नाही. वजन कमी झालं की चाकाची पकड कमी होते, पण खाली ओढणारा जोरही तितकाच कमी होतो. कितव्या अंशाला घसरणार, हे चाकाच्या रबरावर ठरतं. म्हणून चाकावर सायकलच्या ट्यूबचे तुकडे, आत स्पंज.

दुसरा हिशोब उताणं पडण्याचा. पुढच्या आणि मागच्या चाकांत २० सेंटीमीटर अंतर आहे आणि गुरुत्वमध्य बरोबर मध्ये, १० सेंटीमीटर उंचीवर आहे असं धरा. गाडी ४५ अंशांवर मागे उलटेल. बॅटरी खाली घेऊन गुरुत्वमध्य ६ सेंटीमीटरवर आणला तर ती सुमारे ५९ अंशांपर्यंत टिकेल. तीच बॅटरी थोडी पुढे सरकवून गुरुत्वमध्य मागच्या आसापासून १२ सेंटीमीटरवर नेला तर ६३ अंशांपर्यंत. एक पैसा खर्च न करता १८ अंश वाढले. फळीवर गाडी ठेवून, मागच्या चाकांना पट्टी लावून, फळी उचलत कोनमापकाने हे मुलांना स्वतः मोजू द्या. आकडे थोडे इकडेतिकडे होतील. का झाले, हाच पुढचा तास.

बांधणी थोडक्यात अशी :

१. सनपॅक शीटचे दोन तुकडे घ्या, पुढचा आणि मागचा. ते एकाच बोल्टने असे जोडा की गाडीच्या लांबीच्या रेषेत दोन्ही भाग एकमेकांशी थोडे पिळू शकतील. दगडावर एक चाक चढलं तरी बाकीची तीन जमिनीला टेकून राहतात.

२. चारही चाकांना स्वतंत्र गिअर मोटर लावा. मोटर कमी फेऱ्यांची घ्या. वेग कमी असला की पीळ जास्त मिळतो. चार मोटरी वेगळ्या असल्याने एक चाक हवेत गेलं तरी उरलेली ओढत राहतात.

३. डाव्या दोन मोटरी एका चॅनलवर, उजव्या दोन दुसऱ्यावर. वळण्यासाठी वेगळा भाग लागत नाही.

४. बॅटरी पुढच्या चाकांच्या मध्ये, जितकी खाली बसेल तितकी खाली. पण गाडीचं पोट दगडाला घासायला नको, हेही बघा.

५. वरचं शरीर वहीच्या पुठ्ठ्याचं किंवा कागदाचं. वर जितकं हलकं तितकं बरं.

६. लहान वर्गांसाठी चार्ज होणारे पेन्सिल सेलच वापरा. लिथियम बॅटरी वापरलीत तर चार्जिंग मोठ्यांसमोरच करायचं, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही.

प्रत्येक भाग लावण्यापूर्वी किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून वहीत मांडायला सांगा. कुठला भाग किती ग्रॅमचा आणि तो खरंच हवा का, ही चर्चा गाडीइतकीच मोलाची आहे.

वर्गासाठी काही प्रश्न

१. टेस्लांच्या नावेत ताकद कुठून येत होती आणि हुकूम कुठून?
२. इशारा एकाच प्रकारचा असताना नावेला डावं-उजवं कसं कळत असे?
३. बॅटरी गाडीच्या टपावर बांधली तर चढावर काय होईल? आधी अंदाज लिहा, मग करून बघा.
४. एखादा शोध युद्धासाठी वापरला गेला तर जबाबदारी कोणाची? दोन्ही बाजूंनी पाच-पाच ओळी लिहा.

पालकांसाठी एवढंच. मुलाने घरातलं बंद पडलेलं घड्याळ किंवा जुना रिमोट उघडला, तर रागावण्याआधी सेल काढलेत का ते बघा आणि मग शेजारी बसा. भिंतीच्या विजेवर चालणारं काहीही मात्र मुलाला एकट्याने उघडू देऊ नका. जोडणं पहिल्या वेळी जमणार नाही. टेस्लांनाही आजोबांची घड्याळं जोडता आली नव्हती.